पिनेनं उघडलेलं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे. कुलपाची ओळख ते बंद असताना व्हावी, अशी आमच्या घराण्याची रीत. मला मात्र लोक ओळखतात ते उघडताना, आणि तेही किल्लीने नव्हे, केसांच्या पिनेने. तो गाजलेला थरारपट तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल, तर एव्हाना मी आठवलो असेन. तुम्ही टाळ्याही वाजवल्या असतील. वाजवल्यात ते वाजवल्यात, मी रागावलेलो नाही. मला लाज वाटते. राग निदान दुसऱ्यावर काढता येतो, लाजेचं तसं नसतं. ती आपल्याच पोटात घेऊन लटकत राहावं लागतं.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, एक खोली, एक लांब लाकडी टेबल, त्यावर लोखंड घट्ट धरणारा शिकंजा आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या कानशी. ज्यांनी मला घडवलं त्यांना सगळे काका म्हणत. त्यांची लेकसुद्धा त्यांना बाबा न म्हणता काकाच म्हणायची, कारण दारात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तेच म्हणायचं आणि तिच्या कानावर जन्मापासून तेच पडलेलं. ती लहान असताना तिने एकदा खडूने पाटीवर चिमणी काढली. खरं सांगायचं तर चिमणीपेक्षा ते वांगं जास्त दिसत होतं. पण काकांना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते जसंच्या तसं पोलादी ठशात कोरलं. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कुलपाच्या कपाळावर ती वांग्यासारखी चिमणी उमटू लागली, आणि आमचं नाव पडलं चिमणीछाप.

आमच्या पोटात पितळेच्या सहा पातळ पट्ट्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. किल्लीचे दात त्या सहाही पट्ट्यांना आपापल्या उंचीवर उचलतात, तेव्हाच कडी सुटते. एक जरी पट्टी केसभर खाली राहिली, तरी कडी जागची हलत नाही, मग समोर कुणीही उभं असो. कुलूप तयार झालं की काका ते कानाशी धरून हलवायचे. पट्ट्यांची बारीक किणकिण ऐकू आली, की म्हणायचे, "हं, बोलतंय." मगच ते गिऱ्हाईकाच्या हातात पडायचं. न बोलणारं कुलूप त्यांनी कधी विकलं नाही.

मी आधी एका दवाखान्यात होतो. तिथे विषारी औषधांचं एक कपाट होतं, त्याच्या कोयंड्यात मी लटकायचो. माझी किल्ली मोठ्या सिस्टरांच्या कमरेला असे. त्या दिसायला कडक, पण मला उघडताना नेहमी दुसऱ्या हाताने आधार द्यायच्या, म्हणजे मी दारावर आपटत नसे. एकदा एका चोराने माझ्यात तार घालून बराच वेळ घालवला. शेवटी तार वाकली, चोर कंटाळला आणि तार तशीच सोडून पळाला. सकाळी मोठ्या सिस्टरांनी ती तार पाहिली आणि माझ्या कपाळावरच्या चिमणीवर बोट ठेवून म्हणाल्या, "शाबास रे." मित्रांनो, त्यानंतर माझं फार कौतुक झालं, पोस्टरवर माझं चित्र आलं, पण त्या 'शाबास'ची सर कशालाच आली नाही.

पुढे दवाखान्यात लोखंडी कपाटं आली. त्यांची कुलपं त्यांच्या दारातच बसवलेली असत. माझी गरज संपली. किल्ली सुतळीने गळ्यात बांधून मला भंगारात दिलं, आणि तिथून मला सामानदादाने उचललं. सामानदादा म्हणजे सिनेमाच्या शूटिंगला लागणारं सगळं सामान सांभाळणारा माणूस. टेलिफोन, तलवारी, चष्मे, मोडक्या छत्र्या, सगळं त्याच्या खोलीत असे. तो कधी काही टाकून द्यायचा नाही. त्याने मला हातात घेतलं, धूळ पुसली आणि म्हणाला, "काय देखणं आहे हे! कॅमेऱ्याला आवडणार." मी भाळलो. स्तुती म्हटली की लोखंडही मऊ होतं.

त्या वेळी एका थरारपटाची तयारी चालली होती. गोष्ट अशी, की नायक गुप्त पोलीस असतो. खलनायक त्याला पकडतो, खुर्चीला बांधतो, शेजारी बॉम्ब ठेवतो, आपला सगळा बेत त्याला सविस्तर समजावून सांगतो, दाराला कुलूप लावतो आणि निघून जातो. एवढं सगळं सांगून तो का निघून जातो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आणि ते कुलूप म्हणजे मी. नायकाने मला केसांच्या पिनेने उघडायचं आणि सुटायचं, असं ठरलेलं.

शूटिंगच्या जागी एक बाई असायच्या. मागच्या शॉटमध्ये नायकाच्या शर्टाचं एक बटण उघडं होतं, तर पुढच्यातही तेवढंच उघडं आहे ना, पेल्यातलं पाणी तेवढंच आहे ना, हे बघायचं त्यांचं काम. पण त्यांची नजर बटणावर थांबत नसे, ती गोष्टीतही शिरायची. त्यांचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून सगळे त्यांना पणताई म्हणत. दिग्दर्शकांना मात्र सगळे साहेब म्हणत.

"पण साहेब, कुलूप दाराच्या बाहेर आहे आणि नायक आत आहे," पणताई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग दाराला जाळी करा. जाळीतून हात बाहेर काढेल."

"पण हात कुलपापर्यंत पोचतोय, हे दिसत असताना खलनायक तिथेच कुलूप कशाला लावेल?"

"घाईत होता."

"पण घाईत होता, तर एवढं भाषण ठोकत बसला?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. पणताईंचा स्वभाव असा, की समोरचा हसत नाही हे त्यांना उशिरा कळायचं. त्या पुढे म्हणाल्या, "पण त्याचे खिसे तपासलेत. मग पिन आली कुठून? बरं, त्याला केसही कमीच आहेत."

साहेबांनी पुन्हा चष्मा पुसला. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "आईची पिन. वारलेल्या आईची. कॉलरच्या आत शिवून ठेवलेली. इथे आईचा फोटो दाखवू, मागे बासरी. पणताई, एक लक्षात ठेवा, प्रेक्षक रडत असला की हिशेब करत नाही."

"पण हात तर बांधलेत ना?"

"तुम्ही जरा पाणी प्या."

मग शूटिंग सुरू झालं. नायकाने जाळीतून हात काढला, आईची पिन माझ्यात घातली आणि फिरवली. मी उघडलो नाही. त्याने परत फिरवली. मी कसा उघडेन? माझ्या सहाही पट्ट्या जागच्या जागी होत्या. पिन वाकली, दुसरी आणली, तीही वाकली. नायकाला घाम फुटला. त्या दिवशी शेवटचं मी ताठ मानेने बंद होतो. मनात म्हटलं, मोठ्या सिस्टर हे बघायला हव्या होत्या.

साहेब वैतागले. "अहो, कुलूप उघडलं नाही, तर गोष्ट पुढे कशी जाणार?"

"पण मग गोष्ट दुसरीकडून न्यावी," पणताई म्हणाल्या.

"सेट उभा आहे. गोष्ट आता कुठे नेऊ?"

सिनेमाच्या जगात हे असंच चालतं, मित्रांनो. गोष्ट चुकली तर गोष्ट बदलत नाहीत, कारण दार बांधून झालेलं असतं, रंगही वाळलेला असतो. मग कुलूप बदलतात. साहेबांनी सामानदादाकडे पाहिलं. सामानदादाने मला उचललं. पणताईंना पुढच्या सिनेमाला कुणी बोलावलं नाही.

सामानदादाच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. त्याने माझ्या पाठीचा पत्रा धरून ठेवणारे रिव्हेट इतक्या हलक्या हाताने कापले, की ओरखडासुद्धा आला नाही. मग त्याने माझ्या सहा पट्ट्या एकेक करून काढल्या. रिकामा झाल्यावर मी हलका लागू लागलो. साहेबांना तर शॉटच्या शेवटी मी जमिनीवर पडल्याचा जड आवाज हवा होता. म्हणून सामानदादाने माझ्या पोटात, कडी सरकायला वाट ठेवून, कडेने शिसं ओतलं. वजन होतं तेवढंच झालं. पाठ पुन्हा बसवली, रिव्हेट ठोकले, कानस मारली, काळं तेल चोळलं. बाहेरून बघणाऱ्याला मी तोच होतो.

दुसऱ्या दिवशी पिन माझ्यात शिरली आणि मी उघडलो. अडवायला आत काही नव्हतंच. कॅमेरा इतका जवळ होता, की माझ्या कपाळावरची चिमणी त्याच्या काचेत मला स्वतःला दिसत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भर चौकात अंगावरचं वस्त्र गळून पडावं आणि लोकांनी 'वा, वा' म्हणावं, तसं मला झालं.

सिनेमा तुफान चालला. पोस्टरवर एका बाजूला नायकाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला मी, चिमणीसकट. साहेब स्टुडिओत येणाऱ्या पाहुण्यांना मला दाखवायचे. पाहुणे पिनेने मला उघडून बघायचे आणि आपापसात हसायचे. मी दर वेळी उघडायचो. दुसरं काय करणार?

इकडे काकांच्या दारी काय चाललं होतं, ते मला नंतर त्यांच्या लेकीच्या बोलण्यातून कळलं. सिनेमा पाहून आलेल्या लोकांनी घरी जाऊन आपापल्या चिमणीछाप कुलपात पिना घालून पाहिल्या. एकही कुलूप उघडलं नाही. तुम्ही म्हणाल, मग प्रश्न मिटला. पण माणसाचं मन तसं चालत नाही. लोक म्हणाले, "आपल्याला जमत नाही, पण चोराला जमत असणार. सिनेमात उगाच दाखवतील का?" एकेक करत कुलपं परत येऊ लागली. बाजारात एक हार्डवेअरवाले शेठ होते, काकांचा सगळा माल त्यांच्याच दुकानातून खपायचा. त्यांनी काकांना बोलावून घेतलं.

"काका, मला पटतं हो. गिऱ्हाईकाला पटत नाही," शेठ म्हणाले. "तुम्ही असं करा, एकदा सगळ्यांसमोर दाखवून द्या. पण तुमचं नवं कुलूप आणू नका, लोक म्हणतील मुद्दाम घडवून आणलं. सिनेमातलंच आणा. ते नाही उघडलं, की विषय संपला. नाहीतर मला दुसऱ्या छापाचा माल भरावा लागेल."

काकांना ते अगदी रास्त वाटलं. खरं तर होतंही रास्त. आयुष्यभराचं नाव एका कुलपावर ठेवायचं, पण कुलूप तर त्यांच्याच हातचं होतं. लेक स्टुडिओत आली आणि तिने सामानदादाकडे मला एका दिवसासाठी मागितलं. कशासाठी, तेही सांगितलं. स्टुडिओचा एक अलिखित नियम आहे, की फाटकाबाहेरच्या माणसाला युक्ती सांगायची नाही. सामानदादा जरा घुटमळला. मी मनात ओरडत होतो, सांग की रे बाबा, सांगून टाक. त्याने मला फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाला, "काकांनाच द्या हं. त्यांच्या हातातच द्या." ती हो म्हणाली. फडक्याच्या आत माझा जीव अर्धा झाला.

ती मला थेट बाजारात घेऊन आली. शेठच्या दुकानासमोर गर्दी जमली होती. काकांनी मला फडक्यातून बाहेर काढलं. किती वर्षांनी त्यांचा हात लागला! बोटं जाड झाली होती, पण मला धरायची पद्धत तीच. त्यांनी माझं वजन तळहातावर तोललं, चिमणीवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. तुम्ही विचाराल, पण त्यांनी मला आधी कानाशी का नाही धरलं? पणताईंनीही हेच विचारलं असतं. अहो, आपलं पोर बऱ्याच दिवसांनी घरी आलं, तर दारात कुणी त्याची झडती घेतं का? मी एकदा बोललेलं कुलूप होतो. त्यांच्या दृष्टीने तेवढं पुरे होतं.

"माझ्या लेकीने काढलेली ही चिमणी," काका लोकांना म्हणाले. "हिच्यावर भरवसा ठेवून मी इथे उभा आहे. कुणीही या आणि उघडा."

लेकीने आपल्या केसांतली पिन काढून पुढे केली. शेजारच्या शिंप्याची बायको हसत हसत पुढे आली. तिने पिन घातली, जेमतेम फिरवली, आणि मी उघडलो.

मग मागून एक हसू फुटलं, आणि ते सगळीकडे पसरलं. शिंप्याची बायको बिचारी ओशाळली, पिन परत देऊन मागे सरकली. काका माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे नुसता प्रश्न होता. त्यांनी हळूच मला कानाशी नेलं आणि हलवलं. मी बोललो नाही. शिसं कधी बोलत नाही.

"थांबा," काका म्हणाले. "थांबा जरा. याच्या पोटात काहीतरी आहे. म्हणजे, काही नाहीये. थांबा, मी दाखवतो."

ते शेठच्या पायरीवर बसले, आतून छिन्नी-हातोडा मागून घेतला आणि माझ्या पाठीचे रिव्हेट कापू लागले. सामानदादाने ते चांगले ठोकले होते. काकांची छिन्नी घसरत होती. लेक मला दोन्ही हातांनी धरून होती. लोक थोडा वेळ थांबले. मग एकाला दुकान उघडायचं आठवलं, एकीला शाळेतून मुलं आणायची होती, कुणी म्हणालं, "आता तोडून काय दाखवणार?" शेठ जेवायला गेले. माझी पाठ निघून शिशाचा तुकडा पायरीवर पडला, तेव्हा बघायला काका आणि त्यांची लेक, एवढीच माणसं उरली होती.

मित्रांनो, क्षणात उघडलेलं कुलूप सगळ्या बाजाराने पाहिलं. अर्धा तास खपून उघडलेलं कुलूप कुणीच पाहिलं नाही. खोटं झटपट घडतं, आणि खऱ्याला बसायला पायरी आणि थांबायला माणसं लागतात. हे मला त्या दिवशी समजलं, आणि समजून काहीच उपयोग नव्हता.

शेठ परतले तेव्हा काकांनी त्यांना शिसं दाखवलं. शेठनी ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि खाली मान घालून म्हणाले, "काका, मला दिसतंय. पण आता लोकांना सांगितलं, तर म्हणतील तुम्हीच आतलं काढून घेतलंत. माल परत न्या. मी रिक्षा करून देतो."

लेक दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेली आणि सामानदादाला घेऊनच परत आली. म्हणजे ओढून नव्हे, तोच निघाला होता. वाटेत तिने त्याला विचारलं (हेही मला तिच्याच बोलण्यातून कळलं), "का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, काकांना हातात घेताच कळेल."

"वजन सारखं राहावं म्हणून शिसं तुम्हीच ओतलंत ना?"

"हो."

"मग कसं कळणार होतं?"

काकांच्या कारखान्यात येऊन सामानदादा उभा राहिला, खिशातून एक डबी काढली आणि टेबलावर ठेवली. डबीत माझ्या सहा पट्ट्या होत्या. मी तुम्हाला सांगितलंच, तो कधी काही टाकून द्यायचा नाही. काका त्याला काय बोलतील, या धास्तीने मीच कानकोंडा झालो होतो. काकांनी ते शिसं उचललं, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "ओतकाम छान केलंयस रे. कडेला एक बुडबुडा नाही. कुठे शिकलास?" सामानदादा ढसाढसा रडला. चार शिव्या दिल्या असत्या, तर तो उभ्याने परत गेला असता.

तो नंतर बाजारात जाऊन खरं काय ते सांगूनही आला. नोकरीची पर्वा केली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. लोकांनी ऐकून घेतलं. कुणी विश्वास ठेवला, कुणी म्हणालं, काकांनी पढवून पाठवला. पण शेठच्या फळीवर तोवर दुसऱ्या छापाची कुलपं आली होती, आणि फळी एकच होती.

काकांनी माझ्या पट्ट्या मला परत बसवल्या. साफ केल्या, तेल दिलं, नव्या रिव्हेटनी पाठ लावली आणि मला कानाशी धरलं. "हं, बोलतंय," ते म्हणाले. मी बोलत होतो खरा, पण काय तोंडाने, ते माझं मला ठाऊक. मला स्टुडिओत परत पाठवायला लेकीने साफ नकार दिला. साहेबांनी नवं कुलूप विकत घेतलं आणि पहिल्या दिवशीच त्याचं पोट रिकामं करून घेतलं.

आता मी काकांच्या कारखान्याच्या दारावर लटकतो. मला जपावं असं आत फारसं काही नाही. कामं येत नाहीत. लेक एका ठिकाणी दुकानांची शटरं दुरुस्त करायच्या नोकरीला लागली. सुट्टीच्या दिवशी ती काकांना घेऊन येते, मला उघडते, आणि काका टेबलाशी बसून एखादं कुलूप घडवतात. कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणतात, "हाताची सवय जाऊ नये म्हणून."

मधल्या दिवसांत मुलं येतात. तुमच्यासारखीच असतात, गोड आणि उचापती. त्यांनी कुठून तरी ऐकलेलं असतं, की सिनेमातलं कुलूप या दारावर आहे. ती माझ्यात पिना घालतात. मी उघडत नाही. मग त्यांच्यातलं एखादं शहाणं म्हणतं, "हट्, हे ते नाहीच. खरं कुलूप उघडतं. हे डुप्लिकेट आहे." आणि ती निघून जातात. मी खोटा होतो तेव्हा मला खरं म्हणायचे. आता मी खरा आहे, तर मी डुप्लिकेट. हसावं की रडावं, ते तुम्हीच सांगा.

परवा अशाच एका पिनेचं टोक मोडून माझ्यात अडकलं. सुट्टीच्या दिवशी काका आणि लेक आले, तर किल्ली आत जाईना. लेक म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा काका, मी समोरच्या घड्याळवाल्याकडून चिमटा आणते." काका किल्ली हातात धरून आपल्याच दाराबाहेर उभे राहिले. शेजारी बसथांबा आहे. तिथे लहान मुलीला घेऊन उभी असलेली एक बाई हे बघत होती. ती पुढे आली.

"काय झालं काका? उघडत नाही का?" तिने आपल्या केसांतली पिन काढली. "हे घ्या. मी सिनेमात बघितलंय, अगदी सोपं असतं."

ती मनापासून मदत करत होती. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि दारासकट मला पोटात घ्यावं. काकांनी त्या पिनेकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "द्या, बाई." त्यांनी पिनेचं टोक किंचित वाकवलं, माझ्यात घातलं, आणि डोळे बारीक करत, चाचपत चाचपत, मोडका तुकडा बाहेर ओढून काढला. फुंकर मारली. मग किल्ली घातली, फिरवली, आणि माझ्या सहाही पट्ट्या आपापल्या उंचीवर उठल्या. कडी सुटली.

पण किल्ली घातली तोवर ती बाई बसथांब्यावरच्या लोकांकडे वळली होती. मागे टक् झालं तशी ती म्हणाली, "बघा, पिनेनं उघडलं की नाही!" लोक हसले. एकाने टाळ्या वाजवल्या. त्याच टाळ्या, मित्रांनो. मी त्या कुठेही ओळखेन.

काकांनी तिची पिन पुसून तिला परत दिली. "तुमची पिन कामी आली," ते म्हणाले.

तिच्याबरोबरची मुलगी मात्र हलली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, मग काकांच्या हाताकडे, मग परत माझ्याकडे.

"पण आई," ती म्हणाली, "आजोबांकडे तर किल्ली आहे."

"हो हो, चल, बस आली."

आईने तिचा हात धरून तिला ओढलं. मुलगी मान मागे वळवून बघत राहिली. काकांनी किल्ली उंच धरली, तिला दिसावी म्हणून. बसच्या खिडकीतून तिला ती दिसली की नाही, मला सांगता येणार नाही. बस वळली तरी काकांनी हात खाली घेतला नव्हता.

लेक चिमटा घेऊन आली. "उघडलं? कसं काय?"

"पिनेनं," काका म्हणाले आणि हसू लागले. बऱ्याच दिवसांनी हसले ते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला काही हसता आलं नाही.

मित्रांनो, थरारपट जरूर बघा. मलाही त्यांची गंमत कळते, मी त्यातच राबलोय. फक्त दार उघडलं की लगेच टाळ्या वाजवून उठू नका. त्या मुलीसारखं एकदा 'पण' म्हणा, आणि किल्ली कुणाच्या हातात आहे ते बघा. आणि कधी या रस्त्याने गेलात, तर माझ्यात पिन घालू नका. टोक मोडतं आणि आत राहतं, आणि काकांना आता बारीक दिसत नाही.